ट्राउटसंबंधी तुलनात्मक अहवाल

ज्या देशात एकही बारमाही नदी नसते, त्या देशाला नदी कशी असावी याची कल्पना सर्वांत स्पष्ट असते. म्हणूनच २००७ साली जेद्दाच्या उत्तरेला वाळूत आखल्या जाणाऱ्या एका शहराच्या नकाशावर नदी आधी आली आणि पाणी दुसऱ्या टप्प्यात ढकलण्यात आलं. नदीत ट्राउट सोडायचे होते. हा मासा बर्फाळ पाण्यातला आणि बाहेर तापमान पंचेचाळीस. पण हा प्रश्न अंमलबजावणीचा होता, धोरणाचा नव्हे.

नैसर्गिक नदीतला ट्राउट बरा की धरणाखालचा, यावर अहवाल लिहिण्याचं काम नाशिकच्या चैतन्य बापटकडे आलं. तो वातानुकूलनाचा इंजिनिअर, घराणं शाकाहारी. मात्र बायोडेटात जागा मोकळी वाईट दिसते म्हणून त्याने छंद लिहिले होते : वाचन, गिर्यारोहण, मासेमारी. (पहिल्या दोहोंबद्दल कंपनीने सुदैवाने कधी काही विचारलं नाही.) खरं सांगून मोकळं व्हावं असं त्याला फार वाटलं. पण करार महिनाअखेर संपत होता. तो वाढला नाही तर बायको मंजिरी आणि मुलगी स्वानंदी यांचाही इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, खलास, आणि स्वानंदीची शाळा ऐन वर्षाच्या मध्यावर सुटणार. तेव्हा चैतन्य मच्छीमार झाला.

अहवाल त्याने मन लावून लिहिला. नैसर्गिक ट्राउट झऱ्याच्या पाण्यात वाढतो, अंगाने बेताचा, स्वभावाने संशयी. माणसाची सावली पडली तरी पळतो. त्याच्यासाठी दिवसभर गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, रिकाम्या हाताने परतायचं आणि याला आनंद म्हणायचं, अशी पद्धत आहे. धरणाच्या तळाचं पाणी ऊन न लागल्याने गार राहतं. ते सोडत राहिलं की खालचा ट्राउट गरम मुलखातही मजेत जगतो आणि चांगला भरतो. त्याला धरायला निघालेला माणूस आधी पाणी सोडण्याचं वेळापत्रक बघतो. सगळी मदार झडपेवर, आणि झडप माशाच्या ताब्यात नसते.

अहवाल ज्या समितीपुढे गेला, तिच्यात सभासद आठ. ट्राउट पाहिलेले, शून्य. खाल्लेला, एक (लंडनला, तोही बहुधा दुसराच मासा असावा). मतं मात्र आठही ठाम. नैसर्गिक ट्राउटच्या स्वातंत्र्यावर बोलताना एकाने टेबलावर मूठ आपटली (हे गृहस्थ वीस वर्षांत कंपाउंडबाहेर पायी गेले नव्हते).

करारावर सही करणारे अध्यक्ष हुसेनमियाँ मूळचे हैदराबादचे. त्यांनी चष्मा काढला. "बापट साब, आप तो शौकीन आदमी हैं. एकीच बात बताओ, कौनसी मछली अच्छी?"

"डॅमवाली, मियाँ," चैतन्य म्हणाला. "पानी गरम हुआ तो असली मछली ऊपर पहाड में निकल जाती है. डॅमवाली कहाँ जाएगी? इसलिए वो शिकायत नहीं करती."

हुसेनमियाँनी चष्मा पुन्हा चढवला.

"तीस साल से हम भी नहीं किए," ते म्हणाले, आणि करार दोन वर्षांसाठी वाढवला.

चैतन्यला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. घरी मंजिरीने फक्त एवढंच विचारलं, की मग नाशिकला परत जायचं कधी. तो म्हणाला, बघू.

वाचकांना त्याची कीव आली असेल, तर ती योग्यच आहे. मात्र आपण स्वतः नैसर्गिक ट्राउट आहोत अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी शेवटचा राजीनामा कधी दिला ते आठवावं. लिहून खिशात ठेवलेला धरू नये.