शेजारची खुर्ची धरलेली आहे

कासमचाचा कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी त्याच्या टायरला लाथ मारून बघायचे.

कॉम्प्युटरला टायर नसतात, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "मी नाय मानत," ते म्हणाले. टेबलाखालच्या डब्याला त्यांनी पायानं दोनदा ठोकलं, टेबलाला एक फेरी मारली, मागे वाकून काही गळतंय का ते बघितलं आणि मगच बसले. चपला दाराबाहेर, गळ्यात ओला रुमाल. बसले की उजव्या हाताची खुर्ची स्वतःजवळ ओढून घ्यायची. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही, पिशवी ठेवायची नाही, ओळखीच्या माणसानं हातसुद्धा टेकायचा नाही. "धरलेली हाय," एवढंच सांगायचे. कुणासाठी, ते नाही.

माझ्याकडे खुर्च्या मोजून आठ. आता रत्नागिरीत, राजिवड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, सायबर कॅफे चालवणाऱ्या बाईनं दोन तास एक खुर्ची अशी अडवून कशी द्यायची? पण दिली. त्याला कारण आहे. माझा आधी टायपिंगचा क्लास होता. टायपिंगचे दिवस भरले तशी मी मशिनं विकली आणि सहा कॉम्प्युटर टाकले. तेव्हा शेजारपाजारचे येऊन म्हणून गेले की हे बाईमाणसाचं काम नाही, चार महिन्यांत शटर पडेल. चाचा त्यांच्यामागे उभे होते. ते म्हणाले, "मी नाय मानत." त्या दिवशी रत्नागिरीत माझ्या बाजूनं बोललेला हा एकच माणूस. त्यांना एक खुर्ची काय, बाक दिला असता.

"मी नाय मानत" हे चाचांचं पालुपद. डॉक्टरांनी मीठ सोडा म्हटलं, नाय मानत. वायरमन म्हणाला तुमच्या घराकडे व्होल्टेज कमी येतं म्हणून दिवे मिणमिणतात, नाय मानत. पुढे त्यांनी हे वाक्य अमेरिकेतल्या एका अख्ख्या राज्याला ऐकवलं, ती हकिगत सांगायची आहे.

चाचा बावीस वर्षं आखातात ट्रेलर चालवत होते. बंदरातून माल उचलायचा आणि वाळवंट कापून पलीकडे टाकायचा. परत आले ते पाठ धरून. गिऱ्हाईक म्हणून माझ्याकडे पहिल्यांदा आले ते मुलीला, सलमाला ईमेल टाकायला. ईमेल मी लिहीत होते आणि हे बाजूच्या स्क्रीनकडे बघत होते. तिथे एक कॉलेजकुमार ट्रक चालवायचा गेम खेळत होता.

"गाडी उलटवणार हा," चाचा म्हणाले. उलटली. चाचांनी त्याला उठवला, बसले, आणि ईमेल अजून तसाच अर्धा आहे.

त्या गेममध्ये नद्या होत्या, हिरव्या टेकड्या होत्या, पाइनची झाडं होती. आठ दिवसांत चाचा वैतागले. "मास्तरीणबाय, ही झाडं काढ."

"चाचा, झाडं मी लावलेली नाहीत."

"मग ज्यानं लावली त्याला सांग. माझा रस्ता असा नव्हता."

मी चौकशी केली. या गेमला नवे नकाशे जोडता येतात आणि त्यात एक वाळवंटी राज्य आहे, असं कळलं. माझा मावसभाऊ मुंबईहून यायचा होता, त्याच्याकडून सीडी मागवली. चाचांनी ती दोन्ही हातांत धरली. उन्हात वाळत घातलेल्या सुक्या मासळीचा वास घ्यावा तसा तिचा वासही घेतला, खोटं नाही सांगत.

"पण हे अमेरिकेतलं वाळवंट आहे हं," मी आधीच सांगून टाकलं. नंतर कटकट नको.

"वाळू ती वाळू," चाचा म्हणाले. "ती काय पासपोर्ट विचारते?"

नकाशा सुरू झाला आणि भांडणंही सुरू झाली. पेट्रोलपंप फार जवळजवळ आहेत, नाय मानत. रस्त्यावर वाळू उडून आलेली नाही, झाडून काढलाय काय रोज? उंट एकही नाही. एकदा रस्ता सोडून त्यांनी ट्रक सरळ वाळूत घातला. पन्नास पावलांवर ट्रक नुसता थांबला. नकाशा तिथे संपत होता, पुढे वाळू दिसते पण जाता येत नाही. हे मी समजावलं तर चाचांचा आवाज चढला. "वाळवंटाला भिंत? कोणी घातली?" आणि अर्धा तास ते त्या न दिसणाऱ्या भिंतीला ट्रकनं धडका देत बसले. भिंत हटली नाही, चाचाही हटले नाहीत. शेवटी त्यांची नमाजाची वेळ झाली म्हणून माझा कीबोर्ड वाचला.

गेममध्ये माल वेळेत पोचवायचा असतो. चाचांचा एकही माल वेळेत पोचला नाही. कारण रस्त्याच्या कडेला एखादी बंद गाडी दिसली की हे ट्रक थांबवायचे. हॉर्न द्यायचे आणि थांबून राहायचे. ती गाडी म्हणजे नुसतं चित्र. त्यात माणूस नाही, ती हलणार नाही, कुणी हात दाखवणार नाही.

"चाचा, चला की पुढे."

"वाळवंटात बंद गाडी दिसली तर थांबायचं. पाणी द्यायचं. दुसरा कोण येईस्तोवर सोडून जायचं नाय. हा आमचा ड्रायव्हर लोकांचा कायदा."

"पण हा खेळ आहे."

"कायदा खेळात बदलतो काय?"

वीज गेली तरी हाच कायदा. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन होतं, दुपारची वीज हमखास जायची. बाकीची पोरं शिव्या घालत बाहेर पडायची. चाचा काळ्या पडद्यासमोर तसेच बसून. "गाडी बंद पडली म्हणून ड्रायव्हर खाली उतरून घरी जात नाय," म्हणायचे. पोरं हसायची. एक जण तर रोज जवळच्याच गावाचं नाव घेऊन विचारायचा, "काय चाचा, कुठवर आलात? पालीपर्यंत?"

"पालीला वळणं हायत बाबा. वळणावर झोप येत नाय. सरळ रस्ता सहा तास चालवून दाखव, मग बोल."

एका दुपारी अशीच वीज गेलेली, कॅफेत आम्ही दोघंच. मी सरळ विचारलं, "चाचा, म्हातारपणी हे काय घेऊन बसलात? लोक हसतात."

चाचांनी खिशातून फोटो काढला. कोट घातलेले तरणे कासमचाचा, मागे गुलाबाचे ताटवे, कारंजी, हिरवळ आणि दोन मोर.

"किती छान बाग," मी म्हटलं.

"पडदा हाय तो. स्टुडिओतला. कोट पण स्टुडिओचाच."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. तिकडे गेलेला प्रत्येक माणूस घरी असा फोटो पाठवायचा. वाळूत उभा राहून काढलेला फोटो कोण पाठवील? बायकोचा जीव घाबरेल. म्हणून दर तीन वर्षांनी एक नवी बाग. पत्रातही तेच, इथे हवा छान आहे, जेवण छान आहे. राजिवड्याच्या घरात असे सात फोटो फ्रेम करून लावलेले. आणि त्यांच्याखाली हलिमाचाचीनं बावीस वर्षं काढली. सासू अंथरुणाला खिळलेली, पावसात गळणारी कौलं, तीन मुलं, सगळं एकटीनं. रोज वर बघावं तर नवरा बागेत.

"आता पाठ दुखते म्हटलं तर म्हणते, बागेत बसून पाठ कशी दुखते? खरं सांगितलं तर म्हणते, आता म्हातारपणी सेवा करून घ्यायला वाळू आठवली. टीव्हीवर वाळवंट दाखवलं, तर म्हणते ते कुणाचं पण असेल, तुमी त्यात कुठं दिसता?" चाचांनी रुमालानं तोंड पुसलं. "मला तिची दया नको गो. मी कुठं होतो ते तिनं एकदा बघावं. माझ्या बाजूला बसून. बस."

तेव्हा मला खुर्ची कळली. मी म्हटलं, "मग आणा ना त्यांना."

"तीन वेळा बोलावलं. म्हणते, पोरासोरांत खेळायला मी येणार नाय."

पण हलिमाचाची आली. बोलावून नव्हे. राजिवड्यात कुणीतरी तिच्या कानावर घातलं की तुझा नवरा त्या कॉम्प्युटरवाल्या बाईकडे रोज जातो आणि शेजारची खुर्ची कुणासाठी तरी धरून ठेवतो. पुढचं काही सांगायची गरज नव्हती.

शुक्रवार होता. नमाज आटोपून चाचा नुकतेच टायर बघून बसले होते. चाची मासळीबाजारातून थेट आली. एका हातात बांगड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. माझ्याकडे तिनं असं बघितलं की मी उगाचच पदर सारखा केला.

"कोण बसते ह्या खुर्चीवर?" तिनं विचारलं.

कॅफेतल्या सगळ्या माना वळल्या. चाचा उभे राहिले. या माणसानं अमेरिकेला ऐकवलं होतं, वायरमनला ऐकवलं होतं. ते गळ्यातल्या रुमालानं ती खुर्ची पुसायला लागले.

"कोण नाय," ते शेवटी म्हणाले. "तू बस."

चाची त्यांच्या डाव्या बाजूला जाऊ लागली. आपल्याकडे ड्रायव्हरशेजारचा माणूस डावीकडेच बसतो.

"तिकडं नाय. इकडं, उजवीकडं. तिथं ड्रायव्हर डावीकडं बसतो."

चाची थबकली. "हे तुमी कधी सांगितलं नाय."

बावीस वर्षं नवरा गाडी चालवत होता आणि गाडीत तो कुठल्या बाजूला बसायचा, हे तिला त्या दिवशी कळलं. ती बसली. बांगड्यांची पिशवी पायाशी ठेवली. वास सगळ्या कॅफेत पसरला, पण कोणाची नाक मुरडायची छाती झाली नाही.

चाचांनी ट्रक काढला. गाव मागे पडलं, पंप मागे पडले. मग नुसता सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू आणि वर पांढरं आभाळ. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी माझ्या टेबलावर कागद चाळायचं नाटक करत होते.

"बाग कधी येते?" चाचीनं विचारलं.

"बाग नाय येत."

"मग काय येतं?"

"हेच."

पुन्हा पाच मिनिटं. रस्त्याकडेला एक बंद ट्रक दिसला. चाचांनी आपला ट्रक थांबवला, हॉर्न दिला. चाचीनं का म्हणून विचारलं. चाचांनी कायदा सांगितला. पाणी द्यायचं, दुसरा कोण येईस्तोवर सोडून जायचं नाय.

"तुमची गाडी बंद पडली कधी?"

"पडायची की. एकदा दोन दिवस उभा होतो."

"कधी?"

"सलमा झाली तेव्हा. तुझं पत्र खिशात होतं. तेच वाचत बसलो."

चाचीनं पडद्याकडे बघायचं सोडलं आणि चाचांच्या पाठीकडे बघायला लागली. मधे वाकडी झालेली, खुर्चीला न टेकणारी ती पाठ.

आणि वीज गेली. यूपीएस पाच मिनिटं केकाटला आणि गप्प झाला. पडदा काळा. पोरं उठून बाहेर गेली. मला त्या वीजमंडळाचा असा संताप आला की काय सांगू. आज तरी, निदान आज तरी सोडायची होती तासभर.

"चाची, आता दोन तास येणार नाही," मी म्हटलं. "उन्हाचं बांगडे खराब होतील. तुम्ही घरी जा, उद्या पुन्हा दाखवतील चाचा."

चाचासुद्धा म्हणाले, "जा तू. मी बसतंय."

हलिमाचाची हलली नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून तिनं बाटली चाचांच्या हातात दिली.

"मी नाय जात," ती मला म्हणाली. "ह्यांची गाडी बंद पडलीय."

चाचा पाणी प्यायले. मी दार उघडं ठेवलं आणि वारा यावा म्हणून समोरची खिडकीही उघडली. दोघं काळ्या पडद्यासमोर शेजारी शेजारी बसून राहिले, वीज येईपर्यंत. बांगडे खराबच झाले, ते मी नंतर मांजरांना घातले.