बिनमिठाचा रंग

पंचशील क्रीडा मंडळाची फुटबॉल टीम जिल्हा लीगच्या ब गटातून अ गटात गेली, तेव्हा नाशिकरोडच्या त्या कॉलनीत घरोघरी पेढे वाटले गेले. पेढा तोंडात असतानाच सगळ्यांना एकच शंका आली. अ गटात निवृत्तीचं काय चालणार?

"ब गटाची गोष्ट वेगळी होती," मंडळाचे अध्यक्ष सहादू मास्तर म्हणाले. मास्तर पेन्शनीत निघाले होते, तरी समोरच्याला बाकावर उभं केल्यासारखं बोलत. "तिथं समोरचेही आपल्यासारखेच होते. अ गटात डोकं लागतं, निवृत्ती."

निवृत्ती मान खाली घालून ऐकत होता. तो एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर कारकून होता. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि कागद पुढे सरकवायचा, हे त्याचं बारा वर्षांचं काम. फुटबॉल तो जन्मात खेळला नव्हता. तीन वर्षांपूर्वी मंडळाने मॅनेजर शोधला, तेव्हा घरात नळ आणि अंगणात लांब दोरी अशा दोन्ही गोष्टी फक्त त्याच्याकडे होत्या. टीमचे सदरे ज्याच्या घरी धुतले जातील तो मॅनेजर, असं साधं गणित होतं. सदरे अर्थात त्याची बायको लताबाई धुवायची.

पण हे काम निवृत्तीच्या जिवाला लागलं होतं. कचेरीत त्याला सगळे "अहो आवक" म्हणून हाक मारत. आठवड्यातून एक दिवस अकरा धडधाकट माणसं त्याला मॅनेजरसाहेब म्हणत. त्या एका दिवसावर तो उरलेले सहा दिवस काढत असे.

"पहिलीच मॅच गोदाकाठ क्लबशी आहे. गेल्या वर्षीचे विजेते," मास्तर म्हणाले. "हरलास, तर सोमवारपासून शहरातला कोच आणतो. मी बोललोय त्याच्याशी. त्याच्या गळ्यात शिट्टी असते."

शिट्टीचं ऐकून निवृत्तीने मान आणखी खाली घातली.

अ गटाचा नियम होता की अकराही सदरे एका रंगाचे हवेत आणि पाठीवर नंबर हवा. ब गटात दंडाला निळी फीत बांधली की भागायचं. लताबाईने नवऱ्याचं पडलेलं तोंड पाहिलं आणि म्हणाली, "सदऱ्यांचं माझ्याकडे लागलं. तुम्ही तुमचं डोकं चालवा." निवृत्तीने मान हलवली, पण त्या दोन कामांतलं सोपं तिने घेतलं असं त्याला वाटलं.

शनिवारी अंगणात पत्र्याचं पिंप चुलीवर चढलं. आळीतल्या पाचसहा बायका जमल्या. निळ्या रंगाच्या पुड्या देताना दुकानदाराने बजावलं होतं, उकळताना दोन मुठी मीठ घाला, म्हणजे रंग पक्का बसतो.

"मिठाचं बघा गं," लताबाई धुरातून म्हणाली.

"ते धोंडाबाईचं काम," दोघीतिघी एकदम म्हणाल्या.

हा कॉलनीचा ठरावच होता. एप्रिलात जयंतीच्या जेवणात वरणात तीन बायकांनी आपापलं मीठ टाकलं होतं आणि चारशे माणसं नुसतं पाणी पीत बसली होती. तेव्हापासून कॉलनीच्या चुलीवर काहीही चढो, त्यात मीठ धोंडाबाईच टाकणार, बाकी कुणी मिठाच्या डब्याला शिवायचं नाही, असं ठरलं होतं आणि सगळ्याजणी ते निष्ठेने पाळत होत्या.

सदरे पिंपात बुडले आणि निळेभोर होऊन वर आले. ते पाण्यातून खळबळून काढायचे होते, पण तोवर नळ गेला. तसेच वाळवले. रविवारी सकाळी लताबाईने पाठीवर पांढऱ्या फितीचे नंबर शिवले. अकरा सदरे दोरीवर हलायला लागले, तेव्हा निवृत्ती चहाचा कप धरून बराच वेळ बघत उभा राहिला.

"कसे झालेत?" तिने विचारलं.

"आपण हरलो तरी चालेल असे झालेत."

"हरायचं नाव काढू नका," ती म्हणाली आणि दोरीकडे वळून हसली.

शहरातल्या मैदानावर प्रमुख पाहुणे येणार होते. धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारलं होतं, ते जरा जास्तच झालं होतं. पाहुणे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. खेळाडूंशी हस्तांदोलन करत पंचशीलच्या रांगेच्या शेवटापर्यंत पोचले, तोवर त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत निळा झाला होता, कारण ऊन होतं आणि पंचशीलची माणसं घामेजलेले तळवे सदऱ्यालाच पुसत होती. पाहुण्यांनी तो हात छातीवर ठेवून चार शब्द बोलून घेतले. छातीवर पाच बोटं उमटली.

"हे काय रे निवृत्ती?" मास्तरांनी दातओठ खात विचारलं.

"नवीन आहेत सदरे, मास्तर. थोडा जातो रंग."

थोडा म्हणता म्हणता तो जातच राहिला. पहिल्या दहा मिनिटांत पाठीवरचे पांढरे नंबर निळे झाले आणि वाचता येईनासे झाले. रेफरीने एकाला ताकीद दिली आणि वहीत काय लिहावं म्हणून अडकला. "नंबर काय तुझा?" त्याने विचारलं. "तुम्हीच बघून सांगा, मला पाठ दिसत नाय," बुधा म्हणाला. बुधा मूळचा पेठकडचा, एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला होता. उलटून बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता, त्याने खरी अडचण सांगितली होती.

गोदाकाठचे सदरे पांढरे होते. जो जो पंचशीलच्या माणसाला भिडला, त्याच्या सदऱ्यावर निळा डाग पडला. कुणाच्या खांद्यावर कोपर उमटलं, कुणाच्या पाठीवर अख्खा तळवा. मैदानावर हशा पिकला होता. पिकला नव्हता तो मास्तरांच्या आणि निवृत्तीच्या जागेवर, कारण गोदाकाठच्या भिकन नावाच्या खेळाडूने तेवढ्यात दोन गोल करून टाकले होते. ते कसे झाले, हे निवृत्तीला कळलं नाही. चेंडू जिथे तिथे पंचशीलची सगळी माणसं धावत होती. यापेक्षा जास्त धावायचं म्हणजे कसं, हा त्याला पडलेला प्रश्न होता.

हाफ टाइमला लताबाई आणि दोघीजणी लिंबाच्या सरबताची बादली घेऊन आल्या. बुधाने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, याच्यात मीठ नाय."

"धोंडाबाईंनी टाकलं असेल की," एकजण म्हणाली.

"धोंडाबाई कुठायत? त्या तर गुरुवारीच लेकीच्या बाळंतपणाला सायखेड्याला गेल्या," दुसरी म्हणाली.

लताबाईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. तिने बादलीकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या अकरा गळक्या सदऱ्यांकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. "अहो," ती निवृत्तीच्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "पिंपातपण मीठ पडलंच नाही. माझ्यामुळं तुमचं सगळं गेलं."

मास्तर काठी टेकत आलेच. "शोभा झाली मंडळाची. हा रंग कुणाचा पराक्रम?"

निवृत्तीने बायकोकडे पाहिलं. दोन दिवस ती त्या सदऱ्यांमागे होती, बोटांच्या नखांपर्यंत निळी झाली होती. त्याला तिची एवढी माया आली की शिट्टीवाल्या कोचची भीतीच गेली.

"माझा," तो म्हणाला. "रंग मी केला, मास्तर. उद्या सोमवारच आहे. कोचला बोलवा."

असं म्हणून त्याने मास्तरांची नजर चुकवायला पलीकडे पाहिलं. तिथे गोदाकाठचे अकराजण मोसंबी सोलत बसले होते. निवृत्ती बघत राहिला. त्याच्यातल्या कारकुनाला काहीतरी खटकलं. दहा सदऱ्यांवर निळे शिक्के होते. एक सदरा कोरा करकरीत होता. भिकनचा.

बारा वर्षांच्या नोकरीत निवृत्तीला एक गोष्ट पक्की कळली होती. ज्या कागदावर आपला शिक्का नाही, तो कागद आपल्या हाताखालून गेलेलाच नसतो.

"बुधा," तो म्हणाला, "त्या भिकनला बघ. त्याला अजून आपला शिक्का लागलेला नाही."

"तो लांब उभा असतो, मॅनेजरसाहेब. आम्ही बॉलमागं जातो."

"तू बॉलमागं जाऊ नको. बॉल गेला खड्ड्यात. तू त्याला चिकटून राहा. मॅच संपेपर्यंत तो मला निळा पाहिजे."

"लय सोपं काम दिलं," बुधा म्हणाला आणि बिनमिठाचं सरबत एका दमात प्याला.

दुसऱ्या हाफमध्ये भिकन गेला तिथे बुधा गेला. भिकन थांबला की बुधाही थांबे. पंधरा मिनिटांत भिकनच्या एका बाहीला रंग चढला, मग दुसरीला. तो वैतागून रेफरीकडे गेला. "साहेब, हा मला रंगवतोय." रेफरीने नियमांचं पुस्तक काढलं, मागून पुढे चाळलं आणि खिशात घातलं. पुस्तकात रंगाबद्दल काही नव्हतं. चेंडू भिकनकडे येईना, तेव्हा गोदाकाठवाले गोंधळले आणि त्या गोंधळात पंचशीलने एक गोल केला. शेवटच्या मिनिटाला दुसरा झाला. तो कुणी केला हे रेफरीला नंबर न दिसल्यामुळे शेवटपर्यंत कळलं नाही.

मॅच दोन-दोन अशी बरोबरीत सुटली. हरलास तर कोच, एवढंच मास्तर बोलले होते. बरोबरीचं काहीच ठरलं नव्हतं. मास्तरांनी बराच विचार केला. "बरोबरी म्हणजे काही हरणं नव्हे," ते शेवटी नाखुशीने म्हणाले आणि निवृत्तीला आणखी एक मॅच देऊन घरी गेले.

बुधवारी धोंडाबाई सायखेड्याहून नातीचे पेढे घेऊन परतल्या. सगळी हकिगत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. दुपारी पिंप पुन्हा चढलं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दोन मुठी मीठ टाकलं. रंग असा बसला की लताबाईने पांढऱ्या फडक्याने घासून पाहिलं, तरी फडकं पांढरंच राहिलं. सगळ्या बायकांचा जीव भांड्यात पडला.

निवृत्ती तेवढा पायरीवर उदास बसला होता.

"आता काय झालं?" लताबाईने विचारलं.

"रंग पक्का झाला, म्हणजे मी संपलो," तो म्हणाला. "आता समोरच्याला डाग पडायचा नाही. मला काय कळणार, कुणाजवळ कोण गेलं ते? तुला म्हणून सांगतो, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

लताबाई त्याच्याजवळ बसली. ती म्हणाली, "समोरच्यांचं राहू द्या. आपल्यांचं मला विचारा. तीन वर्षं धुतेय मी."

"काय विचारू?"

"बुधाचा सदरा दोन्ही खांद्यांवर मळतो, तो अंगावर घेतो. गोलकीपरच्या उजव्या कुशीला माती असते, डाव्या बाजूला तो कधी झेपच घेत नाही. रविवारचे दोन्ही गोल तिकडूनच झाले. आणि गेणूच्या सदऱ्याला साबणसुद्धा लावावा लागत नाही. तीन वर्षं तुम्ही त्याला दर मॅचला खेळवताय."

गेणू हा सहादू मास्तरांचा सख्खा भाचा होता.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मॅनेजरला ठाऊक असणारच," ती म्हणाली.

निवृत्तीने तिचा निळा हात हातात घेतला आणि आळीतलं कुणी बघतंय का हे न पाहता तसाच धरून ठेवला.

त्यानंतर दर शुक्रवारी सरावाचे सदरे निवृत्तीच्या घरी आले की नवराबायको ते भिजवण्याआधी अंगणात पसरून बसू लागली. दुसरी मॅच पंचशीलने जिंकली, तिसरी हरली, चौथी पुन्हा जिंकली. गेणू पाण्याच्या बाटल्या सांभाळू लागला आणि मास्तर आठवडाभर निवृत्तीशी बोलले नाहीत.

पाचव्या मॅचच्या आधी ते काठी टेकत अंगणात आले. समोर मळके सदरे पसरले होते. मास्तरांनी एकेक पाहिला. भाच्याच्या सदऱ्यापाशी ते थांबले. काठीच्या टोकाने उलटून त्याची दुसरी बाजूही पाहिली. मग बाजेवर बसले. निवृत्ती टीमची कोरी यादी आणि पेन घेऊन पुढे झाला, पण मास्तरांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

"लताबाई," ते घसा साफ करून म्हणाले, "रविवारी डाव्या बाजूला कोण उभा करायचा?"

"बाह्या बघायच्या राहिल्यात अजून, मास्तर," ती म्हणाली. "तोवर चहा घ्या."