भिवाआबाची वावडिंगाची वेल

रान घराच्या मागे, पण रानात जायचं असलं की भिवाआबा पोलादपूरची एसटी पकडतो. कंडक्टरला "पोलादपूर!" असं ओरडून सांगतो, म्हणजे अख्ख्या गाडीनं ऐकावं. मग पुढच्याच वळणावर उतरतो, झाडीत घुसतो आणि डोंगर चढून पुन्हा आपल्याच घराच्या मागे येतो. उगाच कुणी मागावर नको!

कुडपणच्या वाटेवरच्या आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, आबा वावडिंगाच्या वेलीकडे जातो. पूर्वी झाडाझाडावर ह्या वेली असायच्या. मग महाडचा व्यापारी दाणे घ्यायला लागला, भाव चढला, आणि दाणे खुडत बसायचा कंटाळा म्हणून लोकांनी वेलीच बुंध्यातून तोडल्या. पैसे आले, वेली गेल्या. उरली ती आबाची एकटी, आणि ती कुठे आहे हे आबाखेरीज कुणाला माहीत नाही.

"कोन इचारतंय? कशाला इचारतंय?" हे त्याचं पालुपद. "आबा, जेवलास का?" विचारलं तरी हेच! रानातल्या वाटेवर अनोळखी चपलेचा ठसा दिसला, की हा वाडीभर लोकांचे पाय बघत फिरणार.

आता मीही काही भोळा सांब नाही. किराण्याचं दुकान चालवतो. त्या व्यापाऱ्यानं वेलीसाठी मागेल तो भाव कबूल केला, तरी आबानं त्याला हाकलून लावलं. मी म्हटलं, म्हातारा बेरकी आहे, भाव आणखी चढायची वाट बघतोय.

आणि हाच आबा एकाएकी आमच्या घराभोवती घुटमळायला लागला. माझी मुलगी सुषमा मुंबईहून बाळंतपणाला आली होती.

"पोर कवा होतंय?"

"तुला काय करायचंय?"

"नाय, इचारलं."

इचारलं! जो माणूस स्वतःचं जेवण लपवतो, तो फुकट चौकशी करेल? मी बायकोला कडी घालायला सांगितली. ती म्हणाली, "तुमचं नि आबाचं गोत्र एकच!"

सुषमा बाळ घेऊन महाडच्या दवाखान्यातून आली, त्याच संध्याकाळी आबा उंबऱ्यात हजर. हातात फडक्याची पुरचुंडी.

"वावडिंग हाय. पान्यात उकळ नि पोराला पाज."

सुषमा चाचरत म्हणाली, "आबा, डॉक्टरांनी अंगावरच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नाही असं सांगितलंय हो."

आबाचा चेहरा एवढासा झाला.

"म्हणजे ह्यासाठी राखलीस होय वेल?" मी विचारलं.

"मग कशापायी? वाडीत पोर झालं तर दाना कुठनं आनला असतास? पन पोरं समदी मुंबैलाच होतात. मी वर्साला दाने वाळवतो, पावसात बुरसले की टाकतो."

 

पुरचुंडी कोपरीच्या खिशात टाकून आबा वळला, तेवढ्यात आत बाळानं टाहो फोडला. सुषमा लगबगीनं धावली.

"थांब गो!" आबा दारातच खाली बसला. "लगेच गप नको करू त्याला. वाडीत पोर रडलेलं ऐकून लय वर्सं झाली."

सुषमानं ते रडतं बाळ तसंच आणून त्याच्या मांडीवर दिलं.