ज्याचं घर त्यानं मोजायचं नाही

गयाबाई रोज सकाळी माझ्या दुकानातून टेप नेते. मागत नाही, नेते. मी लेडीज टेलर. टेपाशिवाय माझा धंदा बसतो. पण "टेलरभाऊ, तुह्या ब्लाउजाले घाई नाही, वस्तीले आहे," असं म्हणत ती टेप गळ्यात टाकते आणि चालू लागते. संस्थेनं तिला चांगला लांबलचक टेप दिलाय. तो मात्र ट्रंकेत, कारण वापरला तर खराब होईल! संध्याकाळी माझा टेप परत येतो तो शेणाचा वास घेऊन. गिऱ्हाइकं नाक मुरडतात.

आमची वस्ती भंडाऱ्यात, तलावाच्या पाळीखाली. आमचे आजे इथेच गेले, पण सरकारी नकाशात इथे नुसती मोकळी जागा. एका संस्थेनं सुचवलं, तुमचा नकाशा तुम्हीच काढा. नकाशात घर असेल तर पट्टा मागता येईल, म्हणजे जागा नावावर होईल. नसेल तर बोंबला. संस्थेच्या शिबिरात गयाबाई शिकून आली आणि आम्हा सगळ्यांची मास्तरीण झाली.

पहिल्या खेपेला ज्यानं त्यानं आपापलं घर मोजलं. सगळं जुळवून पाहिलं तर वस्तीत गल्लीच उरली नव्हती. माझं दुकान हापशी गिळून पलीकडे गेलं होतं. कसं, ते मला विचारू नका.

गयाबाईनं कपाळावर हात मारला. "आता लोकाईनं चालाचं कुठून, तुमच्या चुलीवरून?"

तेव्हापासून तिचा कायदा झाला : ज्याचं घर त्यानं मोजायचं नाही, शेजाऱ्यानं मोजायचं. मग काय, एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एकाच टेपाची दोन टोकं धरून उभी राहिली. कुणी शेजाऱ्याचा ओटा चोरायला लागला की बाई मागून ओरडायची, "टेप ताण, तोंड नोको ताणू!" ज्यांना आधी साधी फूटपट्टी धरता येत नव्हती तेही कागदावर नाल्या काढू लागले. आठवडाभरात गल्ली परत आली.

शेवटी राहिलं देवकाबाईचं घर. देवका ही गयाबाईची सख्खी जाऊ, घर अगदी शेजारी. मधल्या हातभर जागेवरून दोघींचं बोलणं कधीचंच बंद. भांडण मात्र कोंबड्यांना उद्देशून रोज व्हायचं. नवरा गेल्यावर देवकाबाई कोंढ्याला भावाकडे गेली. घराला कुलूप लागलं, मागची भिंत बसली.

लोक म्हणाले, "गयाबाई, पडीत घर कायले मोजता? तुमच्यातच धरून घ्या."

आता बाई काय करते, याकडे सगळ्यांचे डोळे. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, ही घेणार.

"देवकाबाईले निरोप तं धाडा," मी म्हटलं.

"मी काहून धाडू? मी बोलत नाही तिच्यासंगं."

दुसऱ्या दिवशी तिनं टेपाबरोबर मलाही उचललं. "चाल. तिची शेजारीण मी हावो. तू टोक धर."

देवकाबाईच्या अंगणात जाऊन पाहतो तर ताजा सडा. घर ओसाड आहे असं कुणी म्हणू नये म्हणून गयाबाई रोज सकाळी तिथे शेणसडा घालत होती. तिच्या स्वतःच्या अंगणात तर फरशी आहे. माझ्या टेपाला शेण कुठून लागतं, ते आता कळलं.

बाईनं टेप ताणला आणि टोक ठेवलं ते त्या हातभर जागेच्याही पलीकडे, थेट आपल्या भिंतीशी.

"बाई, हे तं तुमच्याकडचं..."

"लिव मुकाट्यानं." मग खाली बघत म्हणाली, "घर राहिलं तं येईल नं देवका. किती दिवस कोंबड्याईसंगंच बोलू मी?"

मला भरून आलं. तरी तोंडातून निघालंच, "अन् ती हातभर जागा?"

गयाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि टेप गुंडाळून माझ्या हातात कोंबला.

"येऊ तं दे तिले. भांडून वापस घेईन."