नानासाहेबांचा कडा

एका जंगलात... छे, जंगल कुठलं! वाळवंट होतं ते. झाडं इनमीन तीन. तेव्हा मुलांनो, सावलीची अपेक्षा ठेवू नका आणि मधेमधे "मग काय झालं?" विचारू नका. सांगतेच आहे.

तर त्या वाळवंटात एक तांबडा कडा होता. वाळूच्याच दगडाचा, घसरगुंडीसारखा तिरपा आणि गुळगुळीत. नखाने खरवडला तरी भुगा पडायचा. धरायला काही नाही. मधोमध मात्र भाकरीच्या पापुद्र्याएवढा एक कंगोरा बाहेर आला होता. पाय टेकायला तेवढीच जागा.

माथ्यावर बोरीचं झाड होतं. शेवंती नावाची बकरी रोज कडा चढून त्याचा पाला खायची, मागच्या बाजूच्या, चढता न येणाऱ्या भुसभुशीत वाळूवरून घसरत खाली यायची आणि आपल्या करडाला पाजायची. खाली खायला होती ती फक्त वाळू.

त्या मुलखाची एक रीत होती. कड्यावर जो पहिला चढेल, त्याचा शब्द तिथे चालायचा. पहिली चढली होती शेवंती, आणि तिचं म्हणणं साधं होतं. खुंट्या ठोकायच्या नाहीत, आणि पाऊस पडला की पायथ्याची वाळू सुकेपर्यंत चढायचं नाही.

"पण कोणी पडलं तर?" साळिंदराने विचारलं. आपले काटे खुंट्या म्हणून द्यायची त्याला भारी हौस.

"तो एकटा पडेल. खुंट्या ठोकल्या तर कडाच पडेल."

खुंट्यांशिवाय चढायचं, काय ते धाडस! सगळे भारावून गेले. नानासाहेब खोकडांनी तर लगेच गिर्यारोहण मंडळ काढलं आणि आपणच अध्यक्ष झाले. वारुळापेक्षा उंच काही ते कधी चढले नव्हते, पण धाडसावर भाषण असं करायचे की ऐकणाऱ्याला धाप लागावी. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "आम्ही स्वतः चढणार!"

समारंभाच्या आदल्या दिवशी नेमका पाऊस झाला.

सकाळी ऊन पडलं. नानासाहेबांनी कड्यावर पंजा फिरवला. "कोरडा ठणठणीत आहे!"

शेवंतीने पायथ्याशी खुराने उकरलं. वाळू ओली होती. "नानासाहेब, वाळू ओली म्हणजे कडाही आतून ओला. चहात बुडवलेलं बिस्कीट आणि हा दगड, दोन्ही सारखेच. तुमचं काय व्हायचं ते होईल, पण माझा कंगोरा जाईल हो. लेकरू उपाशी मरेल माझं."

"शेवंतीताई, मंडप घातलाय, पाहुणे आलेत, हार आलेत. आता दगडानेच जरा समजून घ्यायला हवं."

मंडप घातल्यावर कोण काय बोलणार? नानासाहेब निघाले. धापा टाकत कंगोऱ्यापर्यंत पोहोचले, त्यावर पाय ठेवला, खाली वळून पाहुण्यांना नमस्कार केला, आणि कट्ट!

कंगोरा गेला. नानासाहेब बसल्या बसल्या घसरत आले ते थेट हारांच्या टोपलीत. हाड मोडलं नाही. मागची लव मात्र सगळी कड्यावर राहिली.

मग साळिंदर ओरडला, "एवढ्या उंचीवरून पडायला छाती लागते!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नानासाहेबांना शाल पांघरली. तिची गरजही होतीच.

शेवंती एका बाजूला ढसाढसा रडत होती. आता तो कडा कोणालाच चढता येणार नव्हता. म्हणजे नानासाहेब शेवटचे वीर ठरले. कड्याला त्यांचं नाव दिलं. आणि कंगोरा मोडला कशाने? तर म्हणे शेवंतीच्या रोजच्या खुरांनी झिजून!

शेवंतीने करडाला पुढे घातलं आणि चालू लागली. चार टेकड्यांपलीकडे तिला तसाच एक कडा सापडला, माथ्यावर बोरीसकट.

काही महिन्यांनी मंडळाने नव्या कड्याच्या शोधात पाठवलेला साळिंदर तिथे आला. "काय शेवंतीताई, चढता येतो का हा?"

शेवंतीने तोंडातला पाला घाईघाईने गिळला. "छे हो! कोणाच्या बापाला जमायचं नाही."

इतक्यात माथ्यावरून करडू ओरडलं, "आई, बोरं पिकली गं!"

"पक्षी असेल," शेवंती म्हणाली.

तात्पर्य: ओल्या दगडावर चढू नये, असं तुमच्या बाई सांगतील. ऐका त्यांचं. पण नाव कमवायचं असेल तर पडण्याआधी खाली मंडप घालून ठेवा. आणि पोट भरायचं असेल तर खरं बोलू नका.