कागदाचा मुराळी

मुलांनो,

गेल्या महिन्यात नंदुरबारहून कळलं, की आमच्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी असलेली मिरचीची वखार पाडली. तिथे आता दुकानांचे गाळे होणार आहेत. तुम्हाला त्याचं काही वाटायचं कारण नाही, तुमच्यापैकी कुणी ती वखार पाहिलेलीच नाही. पण तिच्या माळ्यावर बसून एक माणूस दर दिवाळीला अख्ख्या गल्लीसाठी कागदाची भेटकार्डं करायचा. त्या माणसाला ओळखणारी आता बहुधा मीच उरले आहे. म्हणून हे लिहून ठेवते. क्रमाने सांगते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही.

त्यांचं नाव उखाआप्पा. मी लग्न होऊन पुण्याहून नंदुरबारला आले, तेव्हा ते गाव पश्चिम खानदेशातलं तालुक्याचं ठिकाण होतं. तुमचे आजोबा तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. माझ्या आईचं पहिलं पत्र आलं, ते घेऊन मी ओट्यावर बसले. डोळे भरून आले होते. एवढ्यात समोर एक उंचापुरा, भरघोस मिशांचा माणूस येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

"वाचीसन झायं का?"

मला वाटलं, हा टपालखात्याचा कुणी असेल आणि इकडे पत्रं वाचून परत द्यायची पद्धत असेल. मी निमूटपणे पत्र पुढे केलं. त्यांनी पाकीट तेवढं काढून घेतलं, पत्र माझ्या हातात ठेवलं आणि बजावलं, "आतला कागद तुमना, पाकीट मन्हं. आते रडा सावकाश."

अहिराणी बोली मी तिथे ऐकली ती ही अशी. 'शे' म्हणजे आहे, 'मन्हा' म्हणजे माझा, 'माले' म्हणजे मला. एवढं कळलं की बाकीचं आपोआप कळत जातं.

उखाआप्पा मिरचीचे आडते होते. बाजारात त्यांचा शब्द चालायचा, आणि आवाज तर स्टेशनापर्यंत चालायचा. पण त्यांचा जीव मिरचीत नव्हता, कागदात होता. कापडाच्या गाठींवरची रंगीत चित्रांची तिकिटं, चहाच्या पुड्यांतली चांदी, सुरतेकडून येणाऱ्या पतंगांचे उरलेले ताव, लग्नपत्रिका, साखरेच्या पुड्यांचा निळा कागद, सगळं त्यांच्या माळ्यावर जायचं. आजोबांचं इंग्रजी वर्तमानपत्र गाडीने एक दिवस शिळं होऊन यायचं. आप्पा त्याची वाट आजोबांपेक्षा जास्त बघायचे. आजोबा अग्रलेख वाचत असताना हे ओट्याच्या कडेवर बसून कागदाचा कोपरा दोन बोटांत चोळायचे.

"साहेबना कागद चांगला शे, मास्तर."

"मजकूरही बघावा माणसाने," आजोबा वैतागून म्हणायचे.

"मजकूर उद्या बदलस. कागद तोच ऱ्हास."

कात्री त्यांनी कधी वापरली नाही. अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलं होतं. त्या नखाने ते अशी घडी दाबायचे, की कागद सुरीने कापल्यासारखा सुटायचा. बारीक भोकं पाडायला पोती शिवायचं दाभण. आणि चिकटवायला कणकेची खळ. खळीला झुरळं लागतात म्हणून लोक तिच्यात मोरचूद घालतात. आप्पा मिरचीची पूड घालायचे, कारण घरची होती. झुरळं लांब राहिली हे खरं, पण कार्ड उघडून नाकाजवळ नेलं की माणूस शिंकायचा. दिवाळीत आमच्या गल्लीत कोण कोणाच्या घरी आलंय, हे शिंकांवरून कळायचं. आप्पांना त्यात काही वावगं वाटत नसे. "शिंक उनी म्हंजे शुभेच्छा पोचन्यात," असं ते सांगायचे.

प्रत्येक घराला वेगळं कार्ड. उघडलं की आतून काहीतरी उभं राहायचं, नाहीतर पट्टी ओढली की हलायचं. आणि प्रत्येकात त्या घराला काढलेला एक चिमटा असायचाच. शेजारच्या दोन जावा भांडायच्या, म्हणून त्यांना दोन कोंबड्या. पट्टी ओढली की एकमेकींना चोची मारणाऱ्या. त्या जावा एकत्र येऊन आप्पांना भांडायला गेल्या. आप्पा खूष. "दखा, पहिल्यांदाच एका बाजूथीन बोलनात!" आम्हाला मिळालं ते चष्मा लावलेलं घुबड. पट्टी ओढली की ते चोच उघडायचं. आजोबांनी ते टेबलावर आपटलं आणि म्हणाले, "हा अपमान आहे." संध्याकाळपर्यंत त्यांनी ती पट्टी इतकी ओढली, की ती तुटली. मग दुरुस्तीला मलाच माळ्यावर पाठवलं.

पाडव्याच्या दिवशी आप्पा घरोघरी तपासणीला यायचे. कार्ड दर्शनी भिंतीवर पाहिजे, सरळ पाहिजे, आणि चुलीच्या धुरापासून लांब पाहिजे. ज्याने टांगलं नाही त्याच्या घरी फराळाला हात लावायचा नाही, आणि न खाण्याचं कारण गल्लीभर ऐकू जाईल असं सांगायचं. असा त्यांचा दरारा.

हा दरारा एका ठिकाणी चालत नसे, आणि ते ठिकाण कोणतं हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तापीकाठी प्रकाशा म्हणून गाव आहे. तिथे त्यांची थोरली बहीण, सोनाआक्का, दिलेली होती. आई लवकर गेल्यामुळे तिनेच आप्पांना वाढवलं होतं. आप्पांची बायकोही फार जगली नाही, मूलबाळ नव्हतं. दिवाळीला आक्का माहेरी आली की तेवढे दिवस त्या घराला घरपण यायचं. आम्ही गावात येण्याच्या आदल्या दिवाळीपासून ती यायची बंद झाली होती.

कारण कागदच. आक्काचा एकुलता मुलगा चार-पाच वर्षांचा होऊन तापाने गेला होता. त्याची जन्मपत्रिका ती लुगड्यांच्या घडीत घालून माहेरीही आणायची. जाड, हातकागदाची लांब गुंडाळी, कडेला लाल वेलबुट्टी. आपल्याकडे गेलेल्या माणसाची पत्रिका घरात ठेवत नाहीत, नदीत सोडतात. आप्पांना ती दिसली आणि त्यांनी सरळ हिशेब केला, की हा कागद पाण्यातच जायचा आहे. भाच्याला कंदिलाचं वेड होतं. म्हणून त्यांनी त्या पत्रिकेचा आकाशकंदील केला आणि आक्का देवळातून यायच्या वेळी दारात टांगला. बघणारे सांगतात, तसा कंदील त्यांनी त्याआधी किंवा नंतर कधी केला नाही. आक्काने ती लाल वेलबुट्टी ओळखली. सकाळी फराळाला न शिवता निघून गेली.

तेव्हापासून आप्पा दर दिवाळीला तिच्यासाठी सगळ्यांत मोठं कार्ड करायचे. त्यात चिमटा नसायचा. मोर, पाळणे, नांगराचे बैल, काय काय. बाजाराला येणाऱ्या तिथल्याच एका बाईच्या हाती ते प्रकाशाला जायचं. उत्तर यायचं नाही. आणि भाऊबीजेला आप्पा वखारीला कुलूप लावून दिवसभर कुठेतरी जायचे. लोक म्हणायचे, मिरचीचा भाव काढायला.

आमच्या तिथल्या चौथ्या की पाचव्या दिवाळीत, धनत्रयोदशीला, प्रकाशाची एक बाई मिरच्या घेऊन आली. दरवेळी हिच्याच हाती कार्ड जायचं. आप्पांनी पुढे केलेलं कार्ड तिने घेतलं नाही.

"आक्कानी सांगेल शे," ती म्हणाली, "मुराळी काय कागदना ऱ्हास का?"

मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. बहुतेक भाऊच. मुराळी आल्याशिवाय लेक आपण होऊन माहेरी निघत नाही, ही रीत.

आप्पा तडक आमच्या ओट्यावर आले. मी त्यांना असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आजोबांचं वर्तमानपत्र बाजूलाच पडलं होतं, तिकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"मास्तरीणबाई, हाऊ राग शे का बलावनं शे?"

"बोलावणंच आहे, आप्पा."

"मंग 'ये' असं सरळ का नही सांगनी?"

"तुम्ही तरी 'चुकलं' असं सरळ सांगितलंत का? मोर पाठवलेत."

आजोबा आतून खोकले. ते हसू दाबताना तसेच खोकायचे. आप्पा मिशीला पीळ देत म्हणाले, "तुमी चला संगे. मी एकलाच गयू ते ती दार लाई लेई. बाईमानूस दखीसन तरी नही लावाव."

तर भाऊबीजेला आम्ही सकाळच्या सर्व्हिस मोटारीने निघालो. आप्पांनी कोट घातला होता, फेटा नवा होता आणि मांडीवर रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. वाटेत ते ड्रायव्हरला रस्ता, पुढच्या गाडीवानाला बैल आणि मला मास्तरांनी इंग्रजी कशी शिकवावी, हे सांगत होते. तापी दिसली तशी त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली. प्रकाशा पलीकडच्या तीरावर आहे, आणि तेव्हा नावेने जावं लागे.

नावाडी म्हातारा होता. आप्पांना बघून त्याने हात उंचावला. "उनात का आप्पा! चला, कमळ सोडा नि बठा परत."

"परत म्हणजे?" मी विचारलं.

"हाऊ मानूस दर भाऊबीजले येस, बाई. घाटनी खालनी पायरीवर उतरस, पानीमा कागदनं कमळ सोडस, नि मन्हीच नावमा परत जास. गावमा पाय टाकत नही. मी म्हनस, येडा शे, पन दोन्ही बाजूनं भाडं देस!"

मी आप्पांकडे बघितलं. ते स्वतःच्या जोड्यांकडे बघत होते. अख्ख्या बाजाराला दम देणारा हा माणूस, घाटापर्यंत यायचा आणि तिथून मागे फिरायचा.

घाटाला नाव लागली. आप्पा खालच्या पायरीवर उतरले आणि तिथेच बसले. रुमाल सोडला. आत पतंगाच्या तावाचं गुलाबी कमळ होतं. ते त्यांनी पाण्यावर ठेवलं, बोटाने हलकेच ढकललं. प्रवाहाने ते घेतलं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "कागद दिसना का मन्हा हात चालतस. तोंड नही चालत."

"आप्पा, वर चला."

"तुमी व्हा पुढे."

"मी कोण तुमच्या बहिणीची? चला."

तेवढ्यात वरून आवाज आला. आप्पांचा आवाज कुणाकडून आला होता, ते मला तेव्हा समजलं.

"उख्या!"

घाटाच्या माथ्यावर एक ठेंगणी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. आप्पा शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले. फेटा सरळ केला.

"दर साल येस नि खालथीनच पळी जास! माले दिसत नही का? अशा घड्या घालनारा दुसरा येडा शे का तापीवर? पायऱ्या चढता येत नहीत का तुले?"

"आक्का, तो कंदील..."

"माले माहीत शे. तूच सोडेल व्हता ना तो पानीमा? त्याच भाऊबीजले. मी आठेच उभी व्हती. जाताना दखेल शे मी त्याले."

नावाडी वल्हं हातात धरून ऐकत होता. आक्का दोन-तीन पायऱ्या खाली आली. तिचा आवाजही तेवढाच खाली आला.

"ती पत्रिका मालेच सोडनी व्हती रे. मन्हा हातमाथीन सुटत नव्हती."

आप्पांच्या मिशा तेवढ्या हलल्या.

"आते वर ये," आक्का म्हणाली. "पुरनपोया थंड होई ऱ्हायन्यात. नि हाई पोर कोन शे? तिलेबी लई ये."

आप्पा चढले. एवढा धिप्पाड माणूस, पण एकेक पायरी हाताने चाचपत असल्यासारखा चढला. वर पोचल्यावर आक्काने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तोच हात तिथेच ठेवला. खालून नावाडी ओरडला, "आप्पा, परत नही का?"

ओवाळणीत घालायला आप्पांकडे हाताने केलेलं काहीच नव्हतं. इतकी वर्षं कार्डं करून पाठवणारा माणूस, त्या दिवशी आत जाईन असं त्याला वाटलंच नव्हतं. आक्का म्हणाली, "तू उना ना." आणि त्यांना ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी मुराळी आपल्या बहिणीला घेऊन नंदुरबारला आला. आक्काने गल्लीतली सगळी कार्डं घरोघरी जाऊन बघितली, प्रत्येक घरी शिंकली, आणि आप्पांना सगळ्यांसमोर सुनावलं की खळीत मिरची घालणाऱ्याला जेवण मिळणार नाही. पुढची दिवाळी बिनशिंकांची गेली. तुमच्या आजोबांना ती जरा बेचव वाटली, असं ते म्हणाले.

आप्पा आणि आक्का दोघंही माझ्या डोळ्यांदेखत गेले. कार्डांपैकी एकही राहिलेलं नाही. काही वाळवीने खाल्ली, काही पावसात गेली, कागदच तो. वखार गेल्या महिन्यात गेली. प्रकाशाच्या घाटाच्या पायऱ्या मात्र आहेत.