मोशीच्या थांब्यावरचे लोहोकरे गुरुजी

पुण्याहून नाशिककडं जाणारी एस.टी. मोशीला थांबली की ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओतायला उतरायचा, कंडक्टर चहाला उतरायचा आणि आमचे लोहोकरे गुरुजी गाडीत चढायचे. त्यांना जायचं कुठंच नसायचं. मधल्या दांड्याला धरून ते उभे राहायचे, काळी टोपी सारखी करायचे आणि साऱ्या गाडीला मिळून विचारायचे, "मंडळी, नमस्कार. तुमच्यापैकी कोणाला काय येतं?"

लोकांना पहिल्यांदा वाटायचं, दंतमंजनवाला असेल. मग वाटायचं, डोक्यावर परिणाम झालेला असेल. गुरुजींना दोन्हीचं काही वाटायचं नाही. ते एकेका बाकापाशी जाऊन चौकशी करायचे. "तुम्ही काय करता? कल्हई? वा! मग नवसागर टाकल्यावर धूर कशाचा येतो हो?" कल्हईवाल्यानं जन्मात हा विचार केलेला नसायचा. तो गोंधळायचा. गुरुजींचं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "बघा, तुम्हालाही ठाऊक नाही. चला शाळेत, मुलांसमोर टाकून बघू. एक तास द्या. पुढची गाडी दोन तासांनी आहेच."

मी जुन्नरहून बदली होऊन त्या शाळेत आलो ते पन्नासच्या दशकातले पहिले दिवस. वय चोवीस, घरात आई आणि मी. गुरुजी माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे. शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. सातवीला गणित शिकवत, आणि शनिवारचा शेवटचा तास त्यांनी 'पाहुण्यांचा' म्हणून राखून ठेवला होता. या तासाला सातवीची पोरं तर असतच, पण शाळा सुटून तीन-चार वर्षं झालेले, मिशी फुटलेले गडीही मागं येऊन बसत. घरची जमीन थोडी, काम त्याहून थोडं. गुरुजी त्यांना कधी 'तू आता कशाला आलास' असं म्हणत नसत.

पाहुणे कसेही मिळत. राजगुरुनगरकडची एक म्हातारी एस.टी.त पहिल्यांदा म्हणाली, "मला मेलीला काय येतंय?" गुरुजींनी मानलं नाही. "असं कसं? साठ वर्षं काय नुसत्या बसून काढल्यात?" म्हातारी चिडली. "बसून कशाला? म्हशीच्या पोटाकडं बघून सांगते मी, रेडा हाय का पारडी!" झालं. त्या शनिवारी शाळेच्या पटांगणात तीन म्हशी उभ्या राहिल्या. म्हातारीनं प्रत्येकीभोवती फेरी मारली, पोटाला हात लावला आणि निकाल दिला. पुढं दोन म्हशींचं अगदी बरोबर आलं. तिसरी गाभण नव्हतीच, नुसती खादाड होती. गुरुजींना त्या तिसऱ्या म्हशीचंच जास्त कौतुक. "मुलांना कळलं की नाही, जाणकारही चुकतो?"

एकदा मंचरला निघालेला घड्याळजी सापडला. त्यानं शाळेचं भिंतीवरचं घड्याळ टेबलावर काढलं, उघडलं, एकेक चाक पोरांच्या हातात दिलं, आणि तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. घड्याळजी पिशवी उचलून पळाला. महिनाभर शाळा सूर्यावर चालली. शेवटी पोरांनी खटपट करून घड्याळ जोडलं. एक चाक शिल्लक राहिलं तरी ते चालू लागलं, फक्त रोज वीस मिनिटं पुढं जायचं. मुख्याध्यापक संतापले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "पुढं जातंय ना? मागं तर पडत नाही?"

मला ही सारी गंमत वाटायची. गुरुजींना ती गंमत वाटत नाही, हे मला कळलं ते चिंचवडच्या माळावर यंत्रांचे भाग बनवणारा नवा कारखाना आला तेव्हा.

आमच्याकडची अकरा पोरं एक दिवस धुतलेले सदरे घालून कारखान्याच्या फाटकावर गेली. संध्याकाळी परतली तेव्हा पाच जणांना माती उपसायचं काम मिळालं होतं आणि सहा जणांना तेही नाही. त्यांच्यातला सर्वात चुणचुणीत पोरगा महादू. तो गुरुजींना म्हणाला, "सायबानं इचारलं, इंचाचे सूत किती? आमी म्हणलं, आठ. मग म्हणला, एका सुताचे थाऊ किती? थाऊ म्हंजी काय असतंय, गुरुजी?"

गुरुजींनाही माहीत नव्हतं. ते त्या दिवशी जेवले की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सायकल काढून थेट कारखान्यात गेले. तिथले गुप्ते नावाचे साहेब त्यांना उभ्या उभ्या भेटले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, एवढं त्यांनी सांगितलं. गुरुजींना वाटलं, माणूस बोलका आहे. ते लगेच म्हणाले, "साहेब, मला नोकऱ्या नकोत. तुमचा आठवड्यातला एक तास द्या. मुलांना हे दाखवा."

"गुरुजी, हा कारखाना आहे, शाळा नव्हे," साहेब म्हणाले.

"तेच म्हणतो मी. आमच्याकडं शाळा आहे, कारखाना नाही."

साहेबांनी शिपायाला खूण केली. गुरुजी बाहेर आले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. असे पाच वेळा गेले. पाचव्यांदा फाटकावरचा पहारेकरीच त्यांना म्हणाला, "गुरुजी, तुम्ही येता, मला तुमचं वाईट वाटतं. नका येत जाऊ." गुरुजींनी त्याला विचारलं, "तुम्ही पलटणीत होता ना? बंदूक साफ कशी करतात?" आणि पुढच्या शनिवारी तो पहारेकरी आमच्या शाळेत तास घेऊन गेला. साहेब मात्र आले नाहीत.

आता थांब्याशेजारी रहमानभाईंचं पत्र्याचं शेड होतं. मालट्रक दुरुस्त करणारे रहमानभाई हे गुरुजींचे सर्वात जुने पाहुणे. महादू आणि आणखी पाच-सहा पोरं रोज त्यांच्याकडं हात काळे करायची. रहमानभाईंचा नियम एकच, "इंजन आधी ऐकायचं. पाना नंतर."

पौषातल्या एका सकाळी चाकणकडं निघालेली जीप त्या शेडसमोर येऊन खोकली आणि बंद पडली. आत गुप्ते साहेब. महादूनं बॉनेटवर कान ठेवला आणि सांगितलं, "पेट्रोलचा पंप गेलाय." साहेबांचा विश्वास बसेना. रहमानभाईंनी पाहिलं, मान डोलावली. "पोरगा बरोबर बोलतोय, साहेब. आतला पडदा फाटलाय. पुण्याहून आणायला लागेल. तीन तास तरी."

साहेब कपाळाला हात लावून उभे होते, तेवढ्यात एस.टी. आली नसतानाही गुरुजी थांब्यावर हजर. त्यांना बातमी कोणी दिली, हे मी विचारलं नाही.

"साहेब, तीन तास आहेत तुमच्याकडं," गुरुजी म्हणाले. "आम्हाला एकच द्या."

साहेबांना हसू आलं. राग आणून उपयोगही नव्हता. ते शाळेत आले, खुर्चीवर बसले आणि खिशातून एक चकचकीत हत्यार काढलं. "हा मायक्रोमीटर. याच्यात थाऊ मोजतात. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो."

गुरुजींनी तत्क्षणी आपल्या मिशीचा केस उपटला. "हा बघा बरं!" तो पाच निघाला. गुरुजींचा चेहरा असा उजळला, की जणू त्यांना पदकच मिळालं. मग जी गर्दी उसळली ती विचारू नका. प्रत्येकाला आपला केस मोजून हवा होता. शेवंता नावाच्या मुलीचा दोन थाऊ भरला, माझा अडीच, बैलाच्या शेपटीचा आठ. टकलामुळं मागं राहिलेल्या मुख्याध्यापकांनी भुवई पुढं केली. आधी साहेब मोजत होते. मग ते मुलांना मोजायला लावू लागले. "दाबू नकोस. हलक्या हातानं. आता वाच. किती?" महादूनं तिसऱ्या वेळेला बरोबर वाचलं तेव्हा साहेबच टाळी वाजवून मोकळे झाले. त्यांनी कोट काढून ठेवला होता. फळ्यावर ते अपूर्णांक लिहीत होते आणि त्यांच्या नाकाला खडू लागला होता.

तीन तास होऊन गेले तरी पुण्याहून कोणी आलं नाही. साहेबांनीही विचारलं नाही. ऊन कलल्यावर रहमानभाई दारात येऊन म्हणाले, "साहेब, गाडी तय्यार."

जीप धुरळा उडवत गेल्यावर रहमानभाईंनी गुरुजींना बाजूला घेतलं. मी शेजारीच होतो. "गुरुजी, पडदा माझ्याकडंच होता. अर्ध्या तासाचं काम. पण साहेबांना शिकवायला एवढी मजा येत होती, म्हटलं आपण कशाला मधी कडमडा?"

गुरुजींनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. मला वाटलं, आता रागावणार. ते म्हणाले, "पडदा कसा बसवतात ते पोरांना दाखवलं का?"

"न्हाई."

"मग चूक केलीत. तेवढं उद्या दाखवा."

आठ दिवसांनी साहेबांची चिठ्ठी आली. दर गुरुवारी दुपारी सहा मुलं कारखान्यात यावीत, यंत्रं पाहावीत, हात लावावा. अट एकच, मुलगा सातवी पास हवा. महादू सातवीला गणितात गचकलेला. गुरुजींनी त्याला परीक्षेपर्यंत सकाळ-संध्याकाळ असं धरलं, की पोरगा झोपेत पाढे म्हणतो म्हणून त्याची आई तक्रार घेऊन आली.

तक्रार घेऊन खरे आले ते महादूचे वडील, तुकानाना. त्यांचं माळाकडचं रान कारखान्याच्या रस्त्यात गेलं होतं. ते गुरुजींच्या ओट्यावर चढलेच नाहीत. खालूनच म्हणाले, "गुरुजी, आमचं रान गेलं. आता पोरंबी तिकडंच घालायला निघालाय व्हय तुमी?"

गुरुजी खाली उतरले आणि त्यांच्यासमोर मातीत बसले. "रान घेताना तुम्हाला कुणी विचारलं का?"

"न्हाई."

"मी विचारतोय, नाना. तुम्ही नाही म्हणालात तर महादू जाणार नाही. पण तो गेला नाही, तर त्याच रस्त्यावर तो माती टाकेल. गेला, तर आत उभा राहील. एवढाच फरक आहे. मोठा की लहान, ते तुम्ही ठरवा."

नानांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग म्हणाले, "ती यंत्रं एकदा मला दावा."

महादू पास झाला, आणि पहिल्या गुरुवारी सहा पोरांच्या मागं फेटा बांधलेले तुकानाना कारखान्यात शिरले. लेथवर लोखंडाची साल केळीच्या सालीसारखी निघताना पाहून त्यांनी विचारलं, "ह्ये कापाया किती येळ लागला?" गुप्ते साहेबांनी त्यांना लेथ कसा चालतो ते समजावून सांगितलं. येताना नाना एकच वाक्य बोलले, "जाऊ द्या त्याला."

वर्ष सरलं. गुरुवार चुकला नाही. शनिवारी आता कारखान्यातलेच कोणी ना कोणी येऊ लागले, एकदा तर फोरमन बायको-मुलांना घेऊन आला. आणि पावसाळ्याच्या तोंडावर सहांतले चार जण अप्रेंटिस म्हणून घेतले गेले. महादू पहिला.

कामावर जायच्या पहिल्या दिवशी गुरुजी आणि मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. गावानं नारळ दिले होते, कुणी कुंकू लावलं होतं. सातचा भोंगा झाला. चौघं गर्दीत मिसळून आत गेले. महादूच्या खांद्यावर दुसऱ्या कुणीतरी ओळखीच्यासारखा हात टाकला, तेवढं दिसलं. मग फाटक लागलं. गुरुजी म्हणाले, "चला. शाळेची वेळ झाली."

दिवसभर त्यांनी नेहमीसारखं शिकवलं. संध्याकाळी मी घरी निघालो तर ते शाळेच्या पायरीवर बसलेले. थांब्यावर एस.टी. उभी होती. ड्रायव्हर पाणी ओतत होता. गुरुजी जागचे हलले नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, म्हणून मीही पायरीवर टेकलो.

"सकाळी पोरं आत गेली," ते म्हणाले. "मागं वळून एकानंही पाहिलं नाही."

"वाईट वाटलं का, गुरुजी?"

"छे हो! तेव्हा फार बरं वाटलं. असंच जायला हवं." त्यांनी टोपी सारखी केली. "वाईट खोलीवर आल्यावर वाटलं."

एस.टी. सुरू झाली आणि निघून गेली. तिचा आवाज पार इंद्रायणीच्या पुलापर्यंत ऐकू येत राहिला. गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय त्यांना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं. केस सगळे पांढरे झाले होते.

"तुमच्या घरी आज कालवण कसलं आहे?" त्यांनी एकदम विचारलं.

"वालाचं."

"मी येऊ का?"

आम्ही दोघं गावातून चालत घरी गेलो. आईनं आणखी एक पाट मांडला. गुरुजी मान खाली घालून, सावकाश, एकेक घास चावून जेवले. दुसरी भाकरी संपत आली तशी आईनं तव्यावरची गरम भाकरी न विचारता त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी नको म्हटलं नाही.